वीरगळीवरचं पाणी

अण्णा, तुमचा तो नेकनूरकडचा फोटो सापडला. सोसायटीचं ऑफिस बंद पडलं, सामान भंगारात निघालं, त्यात एका जुन्या चेअरमनची तसबीर होती. तसबिरींच्या पाठी उघडून बघायची मला आता सवयच लागली आहे; पुठ्ठा कमी पडला की फ्रेमवाले जुने फोटो आत घालत. हार घातलेल्या चेअरमनच्या मागे, तुमच्या स्टुडिओचा जांभळा शिक्का पाठीवर घेऊन, तो इतकी वर्षं दडून होता. तुम्ही हसला असता. पोट भरलं ते या चेअरमन लोकांच्या सत्कारांच्या फोटोंवर, आणि जीव मात्र वेशीबाहेरच्या दगडांत. मी आता तेच दगड कागदावरचे जमवते. कुणी कुणी काढलेल्या वीरगळी, सतीशिळांवरचे हात, शेंदराखाली बुजण्याआधीचे मारुती. कपाट भरलं आहे. पण तुमचा हा एक मी शोधत नव्हते. खरं तर सापडू नये असंच वाटायचं, कारण तो कसा निघाला हे मला माहीत आहे.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. हॉस्टेलला पाणी नाही म्हणून सिस्टरांनी आम्हा मुलींना लवकर घरी धाडलेलं, आणि तुम्ही मला सोबत घेऊन निघालात. कुठल्या तरी लढाईत पडलेल्या माणसाची ती वीरगळ पाराजवळ निम्मी मातीत रुतलेली. ऊन डोक्यावर, दगड धुळीच्याच रंगाचा, त्यावरचं काही म्हणजे काही दिसत नाही. तुम्ही छागळीचं बूच काढता आणि दगडावर पाणी ओतता. दगड काळा होतो, आणि त्यातून घोडा निघतो, तलवार निघते, खाली गाई, वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच मेलेला माणूस. तेवढ्यात खडीच्या कामावरून परतणाऱ्या बाया थांबतात. पावसासाठी देव पाण्यात ठेवणारी माणसं ती, त्यांना दुसरं काय वाटणार?

"काय करायलाव, दादा? पावसासाठी का?" डोक्यावर घागर असलेली एक तरुण बाई विचारते.

तुमची मान खाली, कॅमेऱ्याच्या काचेत. तुम्ही म्हणालात, "हूं."

तिने घागर उतरवली आणि अर्धी रिकामी केली. मग दुसरीने केली. ते पाणी किती लांबून आलं होतं ते त्यांच्या फुटलेल्या टाचांकडे बघून मलासुद्धा कळत होतं. तुम्ही फिल्म फिरवत राहिलात. येताना एसटीत मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही खोटं बोललात." तर तुम्ही म्हणे, "मी कुठं बोललो? हूं केलं नुसतं." आणि माझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवलीत. गप्प राहणं हेसुद्धा खोटंच, असं आमच्या सिस्टर सांगायच्या. ती गोळी मी खिडकीतून टाकली, तुम्हाला दिसणार नाही अशी. पुढे फोटो सोसायटीच्या भिंतीवर लागला. येणारा-जाणारा दगडाच्या चकाकीची तारीफ करायचा, आणि माझी मान खाली जायची. मला तुमची लाज वाटायची, अण्णा. तुम्ही गेल्यावरही वाटत राहिली.

गेल्या महिन्यात तो फोटो घेऊन मी त्या गावी गेले. टँकर नुकताच येऊन गेला होता. निळी पिंपं, घागरी, भांडणं. आणि घराकडे वळण्याआधी प्रत्येक बाई एक तांब्या वीरगळीवर ओतत होती. पारावर बसलेल्या म्हातारीला मी फोटो दाखवला, कुणाचा ते सांगितलं. फोटोच्या कडेला घागरीचं तोंड आणि बांगड्यांचा एक हात आहे. तो तिचाच का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

"तुमच्या बापानं पाणी घातलं अन् आठ दिसांत पाऊस आला बघा. लई गुणाचा माणूस. तवापासून टँकर आला की पयला तांब्या ह्याचा."

"अन् नातवाचा कितवा?" तिची सून म्हणाली. कडेवर धुळीने माखलेलं पोर. "लेकरू चार दिस बिनअंघोळीचं हाय, अन् दगडाला रोज अंघोळ!"

बाया हसल्या. "गप गं, तोंडाळ," म्हातारी म्हणाली.

सून माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमी शिकलेल्या. खरंच पावसासाठी घातलं व्हतं का त्यांनी? तुमी न्हाई म्हणलात तर म्हातारी ऐकंल. माझं कोण ऐकतंय?"

म्हातारीने फोटो छातीशी धरला होता. मला एक शब्द बोलायचा होता, लहानपणापासून तयार असलेला. समोर कुणीतरी तांब्या ओतला आणि दगडातून घोडा वर यायला लागला. माझी मान खाली गेली, मोबाईलच्या काचेत. मी म्हणाले, "हूं."

सुनेने पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तांब्या भरला.

हा कागद मी तुमच्या फोटोच्या मागे, पुठ्ठ्याच्या आत ठेवते आहे. या घरात तसबिरींच्या पाठी उघडणारी मी एकटीच. एक सांगायचं राहिलं. सुनेच्या तांब्याने घोड्याचे पाय नीट उठले नव्हते. "अजून एक घालता का?" असं मीच तिला म्हणाले.