झाकणाच्या आतल्या बाजूला

३ मार्च, मंगळवार

ती. मोठ्या मामांस,
सा. न. वि. वि.

गाडी बोलली! बावीस वर्षं ताडपत्रीखाली पडलेली धाकट्या मामांची गाडी काल तिसऱ्या किकला सुरू झाली. पिस्टन नवा, रिंगा नव्या, सिलिंडर बोअर करून आणला. तुम्ही बजावल्याप्रमाणे खालच्या इंजिनाला, क्रँकच्या भागाला, बोटही लावलं नाही. कॉलेज अर्ध्यावर सोडून पोराने काय दिवे लावले, असं रोज विचारणाऱ्या बाबांना मुद्दाम अंगणात बोलावून दाखवली. ते म्हणाले, धूर छान येतो.

पण एक खोट आहे. ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळली की वाऱ्यासारखी पळते. हळू चालवायला गेलं की खोकते, अडखळते, मध्येच मान टाकते. आणि तापली की भलतंच. मूठ सोडली तरी आवाज उतरत नाही. आधी आहे तिथेच थांबतो, मग आपोआप चढत जातो. माझ्या हातावर आणखी कुणाचा तरी हात असावा तसा. काल हे झालं तेव्हा आई ओल्या हातांनी दारात आली. माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या रिकाम्या सीटकडे बघत उभी राहिली, आणि आत गेली.

घाईचं कारण तुम्हाला ठाऊक आहेच. ग्रंथालयातली ती २२ तारखेला, रविवारी, सकाळी दहाच्या बसने नोकरीला परगावी निघालीय. खाणीचा उतार उतरून पलीकडच्या स्टँडवर याच गाडीवर येतो, असं तिला छातीठोकपणे सांगून बसलोय. ती म्हणाली, वेळेवर आलास तरच नवा पत्ता देईन. मी आजवर एकदाही वेळेवर गेलेलो नाही. तेव्हा उपाय लवकर कळवा.

भाच्यावर आणि गाडीवर सारखाच लोभ ठेवा.

तुमचा,
भडक्या


६ मार्च, शुक्रवार

चि. भडक्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. प्राध्यापकांच्या अंगावर डस्टर फेकून आलेला पोरगा निदान पाना तरी नीट फेकतो, हे वाचून बरं वाटलं.

गाडी हळू चालताना रडते म्हणजे कार्बोरेटर. स्लो जेट काढ, पेट्रोलमध्ये भिजव आणि फुंकून साफ कर. त्यात तार घातलीस तर कान उपटीन. मग हवा आत घेणाऱ्या रीडची पाती उजेडाकडे धरून बघ, फट दिसता कामा नये. फ्लोटची उंची मोज. प्लगचा रंग कळव. बिस्किटासारखा तपकिरी असला तर ठीक.

खालच्या इंजिनाला हात लावू नकोस. ते मी स्वतः बांधलंय.

आणि त्या मुलीला म्हणावं, असल्या नवऱ्यापेक्षा बस बरी. ती निदान वेळेवर सुटते. माझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे तुझ्या मातोश्रींना, सांग की माझा गुडघा ठीक आहे.

माया आहेच, ती लिहायला लागत नाही.

मोठा मामा


१२ मार्च, गुरुवार

ती. मोठ्या मामांस,
सा. न. वि. वि.

जेट फुंकला. पाती नव्यासारखी आहेत. फ्लोट मोजला, दोनदा. प्लग मात्र पांढराफटक, हाडासारखा. तेल-पेट्रोल भरपूर घालूनही इंजिन उपाशीच, असं काहीतरी. आणि मामा, मूठ सोडल्यावर चढणाऱ्या आवाजाबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. दुसऱ्या कुणी असं टाळलं असतं तर मी तिथे येऊन भांडलो असतो.

आता खरं सांगतो, रागावू नका. काल भर दुपारी खाणीच्या उतारावर गेलो होतो. वळणाआधी मूठ पूर्ण सोडली. गाडी किंचाळली. मूठ बंद, हात मोकळा, आणि आवाज वर वर चाललेला. बटण दाबलं, तरी बंद होईना. शेवटी वरच्या गिअरमध्ये टाकून दोन्ही ब्रेक धरले, तेव्हा कुठे घुसमटून मेली. पुढचं चाक कड्यापासून हातभर.

खाणीचा म्हातारा राखणदार धापा टाकत वर आला. मी हेल्मेट काढायच्या आत त्याने विचारलं, परत आलास? माझा चेहरा दिसल्यावर तो खालीच बसला. म्हणाला, तो गेला त्या दिवशीही हाच आवाज होता. वळणावर उतरायचा, तो चढत गेला. म्हणूनच सगळ्यांनी ठरवलं ना, की जिच्यावर प्रेम होतं तिचं लग्न दुसरीकडे ठरलं म्हणून धाकट्या मामांनी मुद्दाम मूठ पिळली? गाडी काठावरच्या झुडपात अडकली आणि ते एकटेच खाली गेले. आईने तर बावीस वर्षं त्यांचा फोटोही भिंतीवर लावलेला नाही. म्हणते, ज्याला आम्ही नकोसे झालो त्याला कशाला टांगू.

पण मामा, माझी मूठ बंद होती. मग त्यांची?

रविवारी २२ तारखेला मी जाणारच. शब्द दिलाय.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

भडक्या


१५ मार्च, रविवार

चि. भडक्यास,
आशीर्वाद.

गाडीला किक मारू नकोस. आधी हे कर, मग पुढचं वाच: प्लगची वायर काढून खिशात ठेव.

ठेवलीस? आता ऐक. मॅग्नेटच्या मागे, क्रँकच्या डाव्या टोकाला, रबराचं एक सील असतं. ते कडक झालं की इंजिन तिथून चोरून हवा ओढतं. हळू चालताना अडखळतं, तापलं की आपोआप पळतं. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी तुला कार्बोरेटरमागे पाठवलं.

त्या दिवशी त्याला उतारापलीकडे जायचं होतं, तिला एकदा भेटायला. नवं सील आलं नव्हतं. मी नको म्हणालो. तो भडकला, तुझ्यासारखाच. मी जुनंच पुसून बसवलं. लोक म्हणाले जीव दिला, आणि मी गप्प राहिलो. तो गेला हे मला सोसवलं. माझ्या हाताने गेला, हे तुझ्या आईला सांगवलं नाही. खालच्या इंजिनाला हात लावू नकोस हे मी इंजिनासाठी नव्हतो म्हणत. त्यापायी परवा तूही गेला असतास.

आमच्या वर्कशॉपची रीत होती. इंजिन मिटणाऱ्याने डाव्या झाकणाच्या आत सुईने कोरायचं, काय नवं, काय जुनं. मीही कोरलंय. झाकण उघड, वाच आणि तुझ्या आईला दाखव. मी पुन्हा कधी ते उघडलेलं नाही.

रविवारी बसने जा.

लोभ ठेव असं आता कोणत्या तोंडाने लिहू.

मामा


१९ मार्च, गुरुवार

ती. मोठ्या मामांस,
शि. सा. न.

पत्र वाचून सगळ्यात आधी पाना भिंतीवर फेकला. मग उचलून आणला आणि कामाला लागलो.

मॅग्नेट काढलं. सायलेन्सरचं आणि कार्बोरेटरचं तोंड रबराने बंद केलं, प्लगच्या जागी नळी बसवून सायकलच्या पंपाने हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं. बाकी सगळीकडे कोरडं शांत. फक्त त्या सीलच्या कडेला एक फुगा आला, मोठा झाला, फुटला. मग दुसरा. मी पंप सोडून लांब उभा राहिलो तरी येतच होते, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे. आई शेजारी येऊन बसली आणि शेवटचा फुटेपर्यंत उठली नाही.

मग तिला तुमचं पत्र दिलं आणि झाकण उजेडात उलटं केलं. तुमचं अक्षर सापडलं: डावं सील जुनं, नवं आल्यावर बदलणे. खाली तारीख.

मामा, त्याच्याखाली आणखी एक ओळ आहे. वाकडी, घाईची, शेवटचं अक्षर कडेवरून घसरलेलं. तुम्ही स्क्रू घ्यायला वळला असाल तेव्हा कोरली असणार. आईने एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, हे धाकट्याचं. ओळ अशी: घाई माझी, दादाची नाही. परत आलो की मीच बदलतो.

आई खूप वेळ एकच शब्द पुन्हा पुन्हा बोटाने वाचत होती. परत. मग ती उठली, ट्रंकेच्या तळातून फोटो काढला आणि मला खिळा ठोकायला लावला. खिळा वाकडा बसला म्हणून बोलणीही खाल्ली. तुमच्यावर ती रागावलीय, आणि तो राग समोर बसून काढायचाय असं तिने सांगितलंय.

रविवारी मी आठच्या बसने स्टँडवर जातोय, दोन तास आधी. गाडी अंगणात उघडी पडलीय, मी तिला मिटणार नाही. नवं सील घेऊन तुम्ही या आणि तुमच्या हाताने बसवा. झाकणाच्या आत अजून एका ओळीची जागा आहे.

बाकी लोभ समोरासमोर.

तुमचा भाचा,
भडक्या