मागे कोण?

१२ फेब्रुवारी

शिडीभाऊजी,

वहिनीचा नमस्कार घ्या. रागावलेल्या वहिनीचा आहे, पण नमस्कारात काही कमी केलेलं नाही.

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं आता कोण ऐकतं? मुलाला बढती मिळाली. सूनबाईंनी गच्चीत भाजी लावलीय आणि त्यातली निम्मी कबुतरं खातात. हे मजेत आहेत. वजन जरा उतरलंय. ज्या पोटावरून तुम्ही मंडळींनी यांचं नाव 'बंब' ठेवलंत, ते पोट आता राहिलेलं नाही. तुम्ही मात्र होतात तसेच किडकिडीत असाल. शिडी कधी जाड झाल्याचं ऐकलं नाही मी.

तुमच्या लेकीला आशीर्वाद सांगा. तिच्या घरी राहायला गेल्यापासून रोजची भांडी तुम्ही घासता, असं तुमच्या ड्रायव्हर भोंग्याकडून कळलं. बरं आहे. हवाई तळाच्या अग्निशमन पथकात जन्मभर पाण्याशीच खेळलात, आता त्यात साबण आला एवढंच.

पत्राचं कारणही भोंगाच. आगीचा बंब चालवून चालवून त्याचे कान गेले, त्यामुळे तो फोनवर असा बोलतो की मेळाव्याचं आमंत्रण आमच्या शेजाऱ्यांनाही पोचलं. यंदा मेळावा मार्चच्या दुसऱ्या रविवारी, आणि तुमच्या जुन्या स्टेशनातच. ती इमारत पाडणार आहेत. धावपट्टीच्या पलीकडे नवी बांधलीय, सगळी काचेची. पाडायच्या आधी एक दिवस म्हाताऱ्यांना आत येऊ देऊ, असं तळावरचे साहेब म्हणाले. "शिडीला विचारून विचारून माझा घसा बसला, तो काही यायचा नाही," असं भोंगा म्हणाला. तुझा घसा बसला असता तर आमच्यावर उपकारच झाले असते, असं मी त्याला सुनावलं. त्याला अर्थात ऐकू गेलं नाही.

तर भाऊजी, तुम्ही या.

तुम्ही का येत नाही ते मला माहीत आहे, असं मी इतके दिवस समजत होते. पथकाला पन्नास वर्षं झाली तेव्हा यांनी तो इतिहास लिहायला घेतला. अख्खा हिवाळा आमच्या जेवणाच्या टेबलावर तुमच्या पथकाचे फोटो पसरलेले होते आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवत होतो. कुठला बंब कधी आला, कुठल्या साहेबांनी बूट बदलले, स्टेशनातलं कुत्रं कोणाच्या जीपमध्ये झोपायचं, सगळं त्यात आहे. विमानदुरुस्तीच्या शेडला लागलेल्या आगीवर मात्र यांनी चारच ओळी लिहिल्या. "आत दोन मेकॅनिक अडकले होते. पुढे शिडी, मागे मी. एकाला काढलं. दुसऱ्याला काढता आलं नाही."

त्या वर्षीच्या मेळाव्यात तुम्ही पुस्तक हातात घेऊन उभे राहिलात. म्हणालात, "हे चूक आहे. पुढे हा होता. मागे मी होतो."

हे म्हणाले, "मी लिहिलंय ते बरोबर आहे. तू खाली बस."

"छापलं म्हणजे खरं झालं का रे?"

"मग मी खोटारडा?"

"या ओळीपुरता, हो."

लोक आधी हसले. मग तुम्हा दोघांचे चेहरे बघून त्यांनी हसू आवरलं. तुम्ही अर्धा चहा तसाच टाकून गेलात, ते परत कधी आलाच नाहीत. घरी आल्यावर मी यांना म्हटलं, लोक श्रेय ओरबाडायला भांडतात, तुम्ही दोघं ते एकमेकांच्या गळ्यात मारायला भांडलात! हे उठून झोपायला गेले. मी मात्र पाहुण्यारावळ्यांना हा किस्सा रंगवून सांगायची आणि पोट धरून हसायची.

आता खरं लिहिते. हे मजेत नाहीत.

पहिल्यांदा चष्मा विसरायला लागले, तो कोण विसरत नाही? मग घरी येण्याचा रस्ता विसरले. आता बऱ्याचदा मला विसरतात. मुलाला 'साहेब' म्हणतात आणि तोही बिचारा ताठ उभा राहून 'हं' म्हणतो. औषधं चालू आहेत. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, खोटी आशा लावत नाहीत.

ते सगळं मी सोसलं असतं. पण दारांचं काय करू? घरातलं कुठलंही दार बंद दिसलं की हे थांबतात. खाली गुडघ्यावर बसतात, हाताची मागची बाजू दाराला लावून ते तापलंय का बघतात आणि विचारतात, "मागे कोण?" मी म्हणते, मी आहे, दुसरं कोण असणार या घरात! हे हलत नाहीत. न्हाणीघराच्या दाराशी असं झालं की पुढे काय होतं ते तुम्हाला लिहायला नको. सगळी दारं उघडी ठेवून पाहिली, तर हे ती एकेक करून लावत सुटले. आग पसरते म्हणे.

शेवटी मी भोंग्याला घरीच बोलावलं. तो बघत राहिला आणि रडला. मग त्याने मला समजावलं. धुरात शिरताना पाइपाचं तोंड धरलेला माणूस पुढे असतो. दुसरा त्याच्या मागे, त्याचा कमरेचा पट्टा धरून. आत जाण्याआधी पुढचा विचारतो, "मागे कोण?" आणि मागच्याने नाव सांगायचं नसतं, फक्त म्हणायचं, "पट्टा धरला." पुढच्याचं लक्ष समोर असतं. छपराकडे, परतीच्या वाटेकडे मागचा बघतो. त्याने पट्टा ओढला की पुढच्याने, हातात काहीही असो, बाहेर यायचं. का, असं विचारायचं नाही. ओढायचं केव्हा हे मागच्याने एकट्याने ठरवायचं. जन्मभर तुमच्यातल्या एकाशी संसार केला आणि हे मला आत्ता कळतंय. पुस्तकातही नाही. जे सगळ्यांना पाठ असतं ते कोणी लिहीत नाही बहुतेक.

मी दुसऱ्याच दिवशी यांच्या मागे उभी राहिले आणि म्हणाले, "पट्टा धरला." यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. फार मायेने म्हणाले, "बाई, तुम्ही बाहेर थांबा. आत धोका आहे."

भाऊजी, हे ओळखत नव्हते मला. तरी मला वाचवत होते. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

आणि मग गेल्या आठवड्यातली गोष्ट. स्वयंपाकघराच्या दाराशी यांचा तोल गेला म्हणून मी मागून यांचा स्वेटर धरला आणि ओढला. हे ओरडले, "शिडी, ओढू नकोस! दिसतोय तो मला. हातभर राहिलाय."

मी तिथेच फरशीवर बसले. पुढे हेच होते. ओढलं तुम्ही. पहिल्याला बाहेर ठेवून तुम्ही दोघं परत आत शिरला होतात, दुसरा यांना दिसत होता, आणि तुम्ही यांना ओढून बाहेर आणलंत. भोंगा म्हणाला, तुम्ही दोघं दाराबाहेर पडलात आणि छप्पर खाली आलं.

म्हणजे यांनी पुस्तकात खोटं लिहिलं ते तुम्हाला श्रेय द्यायला नाही. तो माणूस मागे ठेवायचं ज्याने ठरवलं तो मी, असं लोकांनी कायमचं वाचावं म्हणून लिहिलं. आणि तुम्ही ते ओझं यांना उचलू दिलं नाहीत. दोघं वजनासाठी भांडत होतात आणि मी ते विनोद म्हणून सांगत हिंडले.

यावर मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय, ती मात्र पत्रात लिहायला धजत नाही. तुम्ही या. हे तुमची वाट बघतात, रोज, प्रत्येक दाराशी. तुमचा आवाज यांना किती दिवस ओळखू येईल ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. मेळाव्याला यायचं नसेल तर नका येऊ, यांच्याकडे या.

उंबऱ्याशी थांबलेली,
तुमची वहिनी


१६ मार्च

भाऊजी,

तुम्ही नीट पोचलात हे तुमच्या लेकीने फोनवर सांगितलं. गुडघे सोलवटून घेतलेत आणि तिच्यापासून लपवताय, हेही सांगितलं. मलम लावा. म्हातारपणी रांगायची हौस तुम्हीच केलीत.

समोर होतात तेव्हा मी चहा-बिस्किटांविषयीच बोलत राहिले. तुम्हाला वाटलं असेल, एवढं पत्र लिहून बोलावलं आणि ही बाई कप मोजतेय. म्हणून हे लिहिते.

मेळाव्याच्या दिवशी जुन्या स्टेशनात पाइप वाळवायच्या खोलीचं दार लावलेलं होतं. हे त्याच्यासमोर बसले, हात लावला आणि विचारलं, "मागे कोण?"   कोणीतरी काहीतरी करेल म्हणून सगळे, भोंगासुद्धा, एकमेकांकडे बघत होते आणि मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही फाटकाशी उभे होतात, आत यावं की परत जावं अशा चेहऱ्याने. मग तुम्ही आलात, यांच्या मागे गुडघ्यावर बसलात, आणि म्हणालात, "पट्टा धरला!" तुमचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. यांनी ऐकला होता. यांनी मागे वळूनही बघितलं नाही, दार उघडलं आणि आत गेले.

तुम्हाला वाटलं, बाकीच्यांसारखी मीही दाराशी थांबले. मी मागून फिरून खिडकीशी गेले होते. खोली रिकामी, भिंतीला नुसते पाइप टांगायचे आकडे. हे कोपऱ्याकडे सरकत होते, हात पुढे. "दिसतोय," म्हणत होते, "हातभर राहिलाय." तुम्ही ओढत नव्हतात.  मला वाटलं, आता तुम्ही ओढणारच नाही, दोघं रात्रीपर्यंत तिथेच बसाल. मग तुम्ही हळूच म्हणालात, "बंबा, ओढतोय रे मी." आणि ओढलंत.

हे आले. का, असं विचारलं नाही.

बाहेर पायरीवर उन्हात बसल्यावर यांनी तुम्हाला विचारलं, "सगळे आले?" तुमच्याकडे काम संपल्यावर पुढचा हे विचारतो आणि मागचा मोजून उत्तर देतो, असं भोंग्याने मला नंतर सांगितलं. आणि या प्रश्नाला खोटं उत्तर दिलेला माणूस पथकात राहत नाही, हेही सांगितलं. एका चुकीच्या ओळीसाठी तुम्ही जिवलग मित्र सोडला होता. 

तुम्ही यांच्या डोळ्यांत बघून म्हणालात, "सगळे आले. मी मोजले."

यांनी मान हलवली. मग तुमच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिथेच झोपले. अशी झोप मी यांच्या चेहऱ्यावर लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत पाहिली होती, त्या आगीआधी. नंतर नाही.

सगळं बरं झालं असं लिहून तुम्हाला फसवणार नाही. कालच हे मला विचारत होते की या घराच्या मालकीणबाई कुठे गेल्या. दाराशी अजून थांबतात. पण खाली बसत नाहीत, विचारत नाहीत. मी दार उघडलं की माझ्या मागून येतात.

आता मागच्या पत्रात लिहायची राहिलेली ती गोष्ट. त्या दिवशी शेडला आग लागली तेव्हा आमचा मुलगा माझ्या पोटात होता. मी खिडकीतून धूर पाहिला होता आणि रात्री हे घरी आले तेव्हा जळका वास येतो म्हणून यांना आधी अंघोळीला पिटाळलं होतं. हे परत आले यात मला काही विशेष वाटलंच नाही. त्या मेकॅनिकच्या घरीही कोणी वाट बघत असेल, हे मी विसरत नाही, आणि तुम्ही दोघं तर एक दिवसही विसरला नाहीत. तरी मला हे म्हणायचंय. तुम्ही ओढलंत ते बरोबर केलंत. हे कोणीतरी तुम्हाला म्हणायला हवं होतं, आणि म्हणायचा पहिला हक्क माझा होता.

मुलाचं बारसं, त्याची लग्नघाई, आमची भांडणं, मांडीवर ताटं घेऊन जेवलेला तो हिवाळा, आणि आता हे दुखणंही, सगळं मला तुमच्या हातून मिळालं.

तुम्ही ओढून आणलेल्या माणसाची बायको