राजीनामा मागे घे

नाशिकरोड,
१४ ऑगस्ट २०२५

चि. संजना,

सप्रेम जय भीम. तू बरी असशील असं धरून चालते, कारण आज मला चौकशी करायची नाही, रागवायचं आहे.

तू सोलच्या विद्यापीठात राजीनामा दिलास, हे मला आपल्या भाच्याकडून कळावं? "मोठी आत्या, संजूआत्या कायमची येतेय," असं सुयश पेढे वाटायला आल्यासारखं सांगत होता. माझ्या आजाराचंही त्यानेच तुला कळवलं. तेही अर्धवट.

कोरियन मुलांना त्यांच्याच भाषेचं शास्त्र शिकवायला आपल्या घरातली मुलगी प्राध्यापक झाली. हे टाकून यायचं? अंबडच्या कारखान्यात दुभाषी म्हणून लागलीस, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "कोरियन शिकून काय, तिकडचाच नवरा करणार का?" मी त्यांना चहा न विचारता उठवलं होतं. तू परत येऊन मला पेज भरवावीस म्हणून नव्हे.

आणि जेजू बेटावरच्या को आजी? समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या त्या बाईची बोली आता मोजक्या म्हाताऱ्यांनाच येते, सोलच्या पोरांना ती कळतही नाही, हे तूच सांगितलंस. त्यांचं निम्मं बोलणं रेकॉर्ड व्हायचं आहे. त्या तुझ्यासाठी थांबणार आहेत? माझी भाषा बोलणारे गल्लोगल्ली आहेत. माझ्यावाचून तिचं काही अडत नाही.

मी फोन घेत नाही, कारण आवाज ऐकताच तुला कळलं असतं. सोमवारी ऑपरेशन आहे. स्वरयंत्र काढणार आहेत. हे पत्र पोचेल तेव्हा ते झालेलं असेल. शाळेच्या मैदानापलीकडे जायचा तो आवाज मग नसेल.

लिहायचं नव्हतं. लिहिलं.

सोबत मसाल्याच्या पुडीत तू मागच्या खेपेला विसरलेला रेकॉर्डर आहे. त्या म्हाताऱ्यांना विचारतेस त्याच क्रमाने बोलले आहे: आधी नाव, मग जन्मगाव, मग लहानपणीचा एक पदार्थ. देवळ्याला आई करायची ती कांद्याच्या पातीची भाजी सांगितली आहे. आवाज घोगरा आहे, पण माझा आहे. त्यापुढे सगळं तुला बोललेलं आहे. तेही पुसू नकोस.

राजीनामा मागे घे. को आजींकडे जा. सुट्टीत ये, तेव्हा पाटीवर लिहून रागावेन.

सोमवारपर्यंत बोलणारी,
तुझी मंजूताई