पाव फेरा

अण्णा, तुमचा उजवा हात कमजोर झाला त्या वर्षी मी एम.ए. अर्धवट सोडून चेंबूरच्या आपल्या गॅरेजात येऊ लागले. हाताबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. तुम्ही कप उचललात की बशी वाजायची आणि आई रेडिओ मोठा करायची. तेव्हा नव्या छोट्या गाड्यांना अ‍ॅलॉयची चाकं बसवायची टूम निघाली होती. लोक बाहेरून चाकं घेऊन यायचे आणि आपण ती चढवायचो. पहिल्याच चाकाला मी एक नट पान्याने पुरता आवळला आणि दुसऱ्याकडे वळले. तुम्ही पाना काढून घेतलात. "घाई कसली झालीय? आधी बोटांनी फिरव. नटाचा आटा सरळ चाललाय की नाही ते बोटांना कळतं. पान्याला काय, तो वाकड्यालाही पुढे रेटतो." मग समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन, सगळे थोडे थोडे. जॅक उतरवून चाक जमिनीला टेकल्यावर पान्याने शेवटचा ओढा. "एकच बाजू आवळलीस तर चाक तिरकं बसतं. इथे दिसत नाही, रस्त्यावर दिसतं. हे तुझं कॉलेज नाही गं. इथे तू नापास झालीस तर दुसरा मरतो."

शेवटचा ओढा तुम्ही कोणाला देत नव्हता. चाळीस वर्षांचा हात, तेच माप.

एका रविवारी एक तरुण आला. पहिलीच गाडी, मागच्या सीटवर बायको आणि सहा महिन्यांचं बाळ. त्या आठवड्यात घाट ओलांडून गावी जाणार होते. माहुलच्या रिफायनरीकडून वारा सुटला होता, बायकोने पदर नाकाला लावला होता. "अण्णा, झकास दिसतायत ना? आता घाटात बघा!" तुम्ही म्हणालात, "घाटात तू चाकं बघू नकोस, रस्ता बघ." त्याने आणलेले जुने नट तुम्ही परत केलेत, त्यांचं बूड नव्या चाकाच्या खळग्यात बसत नव्हतं. निमुळत्या बुडाचे नवे घातलेत. जॅक उतरला. तुम्ही उकिडवे बसून एकेक नट ओढलात. मला तुमची मान दिसते आहे, तिच्यावरची ताणलेली शीर. पान्यावरची बोटं पांढरी पडलेली. तुम्ही उठलात, फडक्याला हात पुसलेत आणि मी खाली पडलेला पाना उचलून पहिल्या चाकाशी बसले.

"काय करतेस?"

"बघते फक्त."

तरुण हसला. "काय अण्णा, पोरगी तुमची परीक्षा घेतेय!"

"घेऊ दे," तुम्ही म्हणालात आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलात. मी पाना लावला. नट फिरला. पाव फेरा, सहज. दुसराही. त्याला दिसू नये म्हणून मी पाठ मध्ये घातली आणि चारही चाकं तशीच आवळली, एकही नट न वगळता.

"फिरला?" तुम्ही मागे न बघता विचारलंत.

"नाही."

तुम्ही मागे वळलात. मग त्याला म्हणालात, "नवी चाकं आहेत, चालली की बसतात, नट सैल पडतात. घाटाच्या आधी एकदा येऊन जा. आल्याशिवाय निघायचं नाही." तो दोन दिवसांनी आला. तुम्ही खुर्चीवरून उठलात. "मी चहा घेऊन येतो, तू बघ ह्या गाडीचं." कामाच्या वेळी तुम्ही गॅरेज सोडून कधी गेला नव्हता. पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्ही असंच परत बोलावलंत आणि प्रत्येक वेळी चहाला गेलात. तुम्ही हे जग सोडून जाईपर्यंत आपण दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही.

तुमचं मन राखायला खोटं बोलले, असं मी नंतर आईला सांगितलं. तिने मला जवळ घेतलं. आजही कोणी विचारलं तर तेच सांगते. लिहायला बसले तीही तेच लिहायला, पण तुमच्यापुढे ते जमत नाही. तो तरुण हसत होता, त्याची बायको काचेतून बघत होती आणि मला तुमच्या हाताची लाज वाटली. एवढंच होतं. हे पत्र घालायला पाकीट मी आणलेलं नाही.