खान पडला चिमाजीच्या हातून

थेरगाव, १० एप्रिल १९५६

खान मीच! मावळे व्हायला सगळा गाव तयार, मोगल व्हायला कुणी नाही. मग काय – कारखान्यात कामाला आलेल्या आम्हा बीडवाल्यांना धरलं. जत्रेतला खेळ: सरहद्दीच्या गढीपाशी मोगलांची छावणी, मावळ्यांचा रात्रीचा छापा, खान ठार. दाढी लोकरीची आहे. आत्ताच खाजते.

१२ एप्रिल

इथली रीत कळली. जो खानाला मारतो त्यानं दुसऱ्या दिवशी त्याला घरी जेवू घालायचं, आणि तो मागेल ते द्यायचं. खोटं का होईना, रक्त सांडलं म्हणून. मारणार हिंदुराव पाटील! त्यांच्या वाड्यात खोल्या रिकाम्या पडल्यात, पण म्हणतात, "उपऱ्यांचं बिऱ्हाड ठेवत न्हाई." माझ्या बायकोला, शालनला, सातवा लागलाय. तिला माहेर नाही, गावी भावकीत एकटी पडलीय. मी खोलीच मागणार.

१५ एप्रिल

तालीम. हिंदुराव म्हणाले, "झ्याक मरतोस रं."

१७ एप्रिल

घात झाला. दिवेलागणीला खेळ सुरू झाला. छाप्यासाठी मशाली विझवल्या. घोंगडी पांघरलेला एक मावळा अंगावर आला, लाकडी तलवार छातीला लागली. हिंदुरावच, असं धरून ऐटीत पडलो. जरा निरखून बघायचं होतं, पण मला मरायची घाई! मशाली पेटल्या, बघतो तर चिमाजी – लोकांच्या म्हशी राखणारा. हिंदुराव तिकडं माझ्या शिपायाला कापत होते. परत उठून मरता येतंय होय? रडूच आलं. लोक म्हणाले, खान यंदा फार छान मेला.

१८ एप्रिल

चिमाजीकडे जेवलो. पिठलं, भाकरी, गुळाचा खडा. त्याची आई गोजाबाई म्हणाली, "माग की रं, खाना." काय मागू? त्यांचंच घर एवढंसं. म्हटलं, काही नको, पोट भरलं.

"आसं चालत न्हाई. माज्या लेकाच्या डोक्यावर तुजं रगात ऱ्हाईल."

शेवटी शालनचं सांगून टाकलं. म्हातारी उठली, गोठ्यातली म्हैस सोडून बाहेर बांधली. "निम्मा गोठा तुजा. सारवून देते. आण तिला."

२ मे

शालन आली. गोजाबाई तिला घागर उचलू देत नाही. हिंदुराव दारावरून जाताना नुसते खाकरतात. खाकरोत.

२९ जून

मुलगी झाली. गोजाबाईनं नाळ गोठ्यामागं पुरली. आमच्या घरातलं पहिलं थेरगावचं माणूस.