बाबांची सीट

ताई,

मी दवाखान्यात चाललोय, तुला उठवलं नाही. मोटारहोममधली ड्रायव्हरशेजारची सीट, बाबांची, सकाळी नीट तपासून बघितली. खालचा पत्रा गंजून बोल्टांची भोकं मोठी झाली होती. जाड पट्टी टाकून चारही बोल्ट नवे लावलेत. तरी गाडी सुरू करण्याआधी तू स्वतः सीट हलवून बघ, माझ्यावर विसंबू नकोस. आईला मागेच बसव.

बाबा मला दोनदा म्हणाले होते, "अरे, ही सीट डुगडुगतेय, बघ जरा." मी म्हणालो, "मुक्कामाला पोचलो की बघतो." मग उतारावर मी करकचून ब्रेक दाबला आणि ते सीटसकट पुढे आपटले. आज हे काम उरकायला मला अर्धा ताससुद्धा लागला नाही.

ते पुन्हा चालू शकतील की नाही, हे डॉक्टर आज सांगणार आहेत.

काल तू आईला म्हणालीस, "बोल्ट अचानक तुटला, कुणाला काय माहीत!" मला पाठीशी घालायला म्हणालीस, कळलं मला. पण मला माहीत होतं, ताई. संध्याकाळी आईला मीच सांगेन. तू फक्त तिच्याजवळ बस.

धाकटा