पेटी तीस पावलं हलवल्याची हकिकत

प्रिय विनी हिला थोरल्या बहिणीचा, एडिथचा, आशीर्वाद. (नको असेल तर परत पाठव, इथे वाया जाणार नाही.)

तुझा गुडघा कसा आहे? माझा डावा ठीक आहे, उजवा तुझ्यावर गेलाय, काही सांगितलेलं ऐकत नाही. ईस्टरपासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद खराब करतेय. शुद्धलेखनाकडे बघू नकोस. शाळेत तू टिकलीस, मी तेराव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत गेले. (तुझे शाळेचे बूट त्या पगारातून यायचे. हे मी कधी बोलून दाखवत नाही.)

तर मी मधमाश्या पाळल्यात. हसून झालं की पुढे वाच, कारण येत्या रविवारपर्यंत त्यांची सोय झाली नाही तर मळ्याची कमिटी पेटी उचलून दुसऱ्या कुणाला तरी देणार आहे, आणि ते मी होऊ देणार नाही.

झालं असं की कौन्सिल तुकडे पाडून भाड्याने देते त्या मळ्यात माझ्या तुकड्याशेजारी होरेस म्हाताऱ्याचा तुकडा होता. तो वसंतात लेकीकडे वेल्सला राहायला गेला. जाताना मधमाश्यांची पेटी, जाळीची फाटकी टोपी आणि धूर करायचा डबा माझ्या हवाली केला, कारण म्हणे मळ्यात माश्यांना बघून न पळणारी मी एकटीच. (मी पळत नव्हते ती गुडघ्यामुळे.) शिकवणी काय दिली? "एडिथ, घाई करू नकोस, आणि केळं खाऊन जाऊ नकोस." संपलं. केळं का नाही, ते मला कळलं पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा. माश्या चिडल्या की त्यांना तसलाच वास सुटतो, आणि तो आला की बाकीच्याही चिडतात.

त्या दिवशी मी आर्थरची मासे धरायची विजार घातली होती. (नवरा गेला, पण विजार अजून दहा वर्षं जाईल.) टोपीची जाळी फाटलेली, म्हणून पुढच्या खिडकीचा पडदा डोक्यावरून घेतला. विजारीचे पाय मात्र बांधायचे राहिले. एक माशी आत शिरली. एकच, विनी, पण तिला वर जायचं होतं. मी तशीच धावले, (हो, गुडघ्यासकट,) ती थेट पिकर्सगिल साहेबांच्या लीकच्या वाफ्यात. हे आमचे कमिटीचे सेक्रेटरी. प्रदर्शनासाठी हे कांद्याच्या जातीचे हातभर लांब लीक वाढवतात, रोज टेप लावून मोजतात, आपल्या पोरांना कुणी इतकं मोजत नाही. त्यांच्या देखत, वाफ्याच्या मधोमध, मी विजार काढली. दोन लीक मोडले. ते टोपी काढून दुसरीकडे बघत म्हणाले, "ऑग्डनबाई, हे नियमात बसत नाही." मी म्हटलं, "साहेब, मला तर सध्या कुठेच बसता येणार नाही!"

झालं. कमिटी बसली. पेटी येण्याजाण्याच्या वाटेपासून तीस पावलं लांब पाहिजे, महिनाअखेरपर्यंत, असा कागद आला. मी म्हटलं, एवढंच ना? संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर पेटीच्या तोंडात गवत कोंबलं, ढकलगाडीवर घातली आणि तीस पावलं मोजून शेडमागे नेऊन ठेवली. सकाळी गवत काढलं आणि स्वतःवर खूश होऊन चहा टाकला.

दहाच्या सुमाराला पिकर्सगिल साहेब तपासायला आले. जुन्या जागी विटांचा ओटा रिकामा होता. साहेब त्यावर बसले, मांडीवर वही घेतली आणि "नियम पाळला" असं लिहायला लागले. तेवढ्यात माश्या फुलांवरून परतल्या. आता ऐक. माशीला पेटी ओळखू येत नाही, तिला जागा ओळखू येते. हजारो बाया कामावरून दमूनभागून घरी आल्या, बघतात तर घराच्या जागी पिकर्सगिल! त्यांनी काय करावं? त्या त्याच्यावरच बसल्या. टोपीवर, खांद्यांवर, मिश्यांवर. साहेबांना दाढी आली, विनी, पोटापर्यंत.

पण माणूस हलला नाही हो. ओठ न हलवता म्हणाला, "ऑग्डनबाई, एक विचारू? कानातली आत चाललीय की बाहेर येतेय?"

मी वाकून बघितलं. "विचार करतेय," म्हटलं.

"तिला घाई नाही ना?"

"नाही. तुम्हाला आहे?"

"बारा वाजता दंतवैद्याकडे जायचंय," म्हणाला.

शेवटी पेटी परत आणून त्याच्या पायाशी ठेवली, तेव्हा तासाभरात सगळ्या एकेक करून आत गेल्या. एकच चावली, नाकाला, आणि तीसुद्धा तो हसला म्हणून. होरेसला वेल्सला फोन केला, तर म्हातारा खो खो हसतो! "अगं, पेटी हलवायची तर तीन फुटांच्या आत, नाहीतर तीन मैलांच्या पलीकडे. हे सगळ्यांना ठाऊक असतं." सगळ्यांना म्हणजे कुणाला? मला नव्हतं, सेक्रेटरीला नव्हतं. पेटी लांब नेऊन तीन आठवडे ठेवायची, तोवर माश्या जुनी जागा विसरतात, मग परत आणून पाहिजे तिथे ठेवायची. आता या रविवारी महिना संपतोय. पिकर्सगिल साहेब आपणहून म्हणाले की व्हॅन माझी, फक्त कुठे न्यायची ते सांगा. नाकाची सूज उतरल्यापासून तो मला बरा वाटायला लागलाय.

तू म्हणशील, देऊन टाक की पेटी. नाही देणार. सकाळी ऊन पडलं की त्या बाहेर पडतात, गिरणीच्या भोंग्याला आम्ही पोरी निघायचो तशा, एकमेकींना ढकलत. मी बादली पालथी घालून बघत बसते. माझा चहा निवतो. बाकी काही नाही.

मुलांना सांग, मावशी अजून जिवंत आहे.

तुझी,
एडिथ

ता. क. तुझ्या परसामागे चढावर हेदरची जांभळी झुडपं फुललीत म्हणे. माश्यांना ऑगस्टात त्या फुलांहून गोड काही नसतं. बसचा कंडक्टर म्हणाला, माझ्या दारापासून तुझ्या दारापर्यंत साडेचार मैल. सहज लिहिलं.

दुसरा ता. क. तीन आठवडेच. तुला काही करायचं नाही. दर गुरुवारी मीच बसने येऊन बघून जाईन. चहा देऊ नकोस वाटलं तर. ईस्टरला तुझ्या ॲपल-पायची पारी बुटाला तळ म्हणून ठोकता येईल असं मी म्हटलं, ते चुकलं. बुटाचा तळ मऊ असतो. बरं, हेही चुकलं. ॲपल-पाय चांगला होता, मी दोन तुकडे खाल्ले, ते तू मोजलेस हे मला माहीत आहे.

तिसरा ता. क. खरं सांगायचं तर जागा मिळाली होती. आपल्या पाद्रीसाहेबांचा भाऊ सहा मैलांवर शेती करतो, तिथे खुशाल ठेवा म्हणाले. मी म्हटलं, आभारी आहे, पण माझ्या बहिणीने ऐकल्या ऐकल्या 'आण' म्हणून निरोप धाडलाय. चर्चच्या पायरीवर उभी राहून बोलले, विनी. शनिवारी दिवेलागणीला व्हॅन येतेय. मला पाद्र्यापुढे खोटं पाडू नकोस.